मोड २७७५, तरी परमिशन डिनाइड

सावद्याच्या केळी-वखारीचा लिनक्स सर्व्हर. सामायिक फोल्डरचा ग्रुप 'हिशेब', मोड (मालक, ग्रुप आणि बाकीचे यांना काय परवानगी ते सांगणारे आकडे) २७७५. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी: आत तयार होणारी फाइल आपोआप फोल्डरच्या ग्रुपची. तरी आज काट्यावरच्या पोराला एकच वजन-पावती उघडेना.

'एलएस -एल' (फाइलींची सविस्तर यादी) मारलं. मोड ६४०, म्हणजे ग्रुपला वाचता येतं, पण ग्रुप फाइल बनवणाऱ्याचा स्वतःचा. फाइल 'एमव्ही'ने (हलवायची कमांड) आणलेली होती ना! एकाच फाइलसिस्टीमवर 'एमव्ही' फक्त नाव हलवतो. आयनोड (फाइलीची मालकी-परवानगीची नोंद) तोच, म्हणून ग्रुप आणि मोडही जुनेच. सेटजीआयडी नव्या फाइलीलाच लागतो. 'सीपी' (कॉपी) केली असती तर ग्रुप बदलला असता. मोड मात्र मुळावरूनच येतो, ६०० ची ६०० च राहते.

उपाय दोन ओळींचा: 'सीएचजीआरपी हिशेब' (ग्रुप बदलायला), मग 'सीएचमॉड ६६०' (मोड बदलायला). यूमास्कही (नव्या फाइलीतून कुठल्या परवानग्या वगळायच्या ते) ००२ ठेवा. ०२२ असला की नवी फाइल ६४४, ग्रुपला वाचता येते, लिहिता येत नाही.

कुणीतरी म्हणालंच, "७७७ मारून टाक ना भो." मग हिशेब सगळ्या गावाला खुला!

आणि ग्रुपात नवं नाव घातलंत, तर त्या माणसाला एकदा लॉगआउट करून परत लॉगइन करायला लावा. चालू सेशनला नवा ग्रुप दिसत नाही. 'आयडी' मारून बघा, सेशनचे ग्रुप दिसतात.