८:१२ची लोकल आणि लीड्सचा फॉर्म

गेली तीन वर्षं मी इथे इंग्लंडात, लीड्सला दर महिन्याला एका मेमरी कॅफेत चहा द्यायला जाते. कॅफे म्हणजे फार काही नाही हो, चर्चचा हॉल, चार टेबलं, डिमेन्शिया (स्मृती हरवत जाण्याचा आजार) असलेली माणसं नि त्यांच्या घरचे, बिस्किटं, जुनी गाणी. मूळ कल्पना १९९७ची, नेदरलँड्सची. कोविडमध्ये हे बंद पडलं आणि केअर होममधल्यांना तर घरचे फक्त खिडकीच्या काचेतून दिसायचे. तिथल्या एक बाई सांगत होत्या, नवऱ्याला वाटायचं ही रुसलीय म्हणून आत येत नाहीये.

मला लगेच आमची दादरची आई आठवली. रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण मार्च २०२०ला लोकल बंद झाली आणि ही रोज सकाळी पर्स घेऊन दारात उभी, ८:१२ चुकेल म्हणून. त्याआधी विसरायची, पण फुलबाजार, भजनी मंडळ, भाजीवाल्याशी घासाघीस यात दिवस निघायचा, ते सगळं एका रात्रीत गेलं आणि आई भराभर उतरतच गेली. दादा मास्क लावून आला की "हा कोण शिरला घरात?" आम्ही काय करायचो, तर रोज समजावायचो, आई लॉकडाऊन आहे, आई तू रिटायर झालीस. रोज भांडण. आता लाज वाटते.

इथे शिकले ते एवढंच की वाद घालायचा नाही. अल्झायमर्स सोसायटी या इथल्या डिमेन्शियासाठी काम करणाऱ्या संस्थेचा 'दिस इज मी' म्हणून एक फॉर्म आहे, माणसाला काय म्हणून हाक मारायची, कशाने घाबरतं, कशाने शांत होतं, असं सगळं त्यात लिहायचं, म्हणजे नवीन सांभाळणाऱ्याला शून्यापासून सुरुवात नको. तसला एक मी वहिनीला फोनवर विचारून विचारून मराठीत लिहिला आणि दिवसभर येणाऱ्या मावशींसाठी फ्रिजवर लावायला लावला. (वहिनीला मदत म्हणून १४५६७ हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन नंबरही खाली टाकला, तुम्हीही लिहून ठेवा.)

आता आई पर्स घेऊन उभी राहिली की मावशी विचारतात, "आज ऑफिसात काय काम?" मग दोघी चपला घालून फुलबाजारापर्यंत जाऊन येतात. "काय आवडत नाही" या रकान्यात काय लिहू, असं आईलाच विचारलं होतं. म्हणाली, "सुट्टी."