आल्टो सॅक्सोफोन दुरुस्ती, चौथा रविवार: करंगळी दाबली की गळते

आधी मागच्या तीन रविवारांचा हिशेब. नेक (तोंडाकडची वाकडी नळी) काढून तिचं एक टोक तळव्याने बंद केलं, दुसऱ्याने हवा ओढली. ओढ टिकली, म्हणजे नेक ठीक. मग सेलवर चालणारी दिवाळीची एलईडी माळ वाद्याच्या नळीत सोडली, खोलीत अंधार केला आणि एकेक की हलक्या बोटाने मिटून पाहिली. हलक्याच, कारण जोर लावला की वाकडं पॅडही (भोक मिटवणारी गादी) गुणी दिसतं. एफच्या पॅडखाली मागच्या बाजूला उजेडाची कोर दिसली, म्हणजे तिथून हवा गळत होती. कप (पॅडची धातूची वाटी) तापवून शेलॅक (पॅड चिकटवणारी लाख) मऊ केलं, पॅड सरळ बसवलं. मग सगळीकडे काळोख.

तरी लो बी आणि लो बी फ्लॅट, म्हणजे सगळ्यात खालचे दोन सूर, गुरगुरतच होते. लो सी मात्र स्वच्छ! रीड बदलली, माउथपीस बदलला, बेलमध्ये (वाद्याच्या कर्ण्यात) बूच टाकायचा जुना तोडगाही करून पाहिला. बेलवरची दोन्ही पॅडं कागदाने तपासली, पक्की निघाली.

काल भांडी घासताना डोक्यात उजेड पडला. डाव्या करंगळीने बी किंवा बी फ्लॅट दाबला की सोबत जी शार्पची पट्टीही (बोटाने दाबायची की) खाली जाते. जी शार्पच्या कपाची स्वतःची स्प्रिंग त्याला उघडायलाच बघत असते; एरवी पट्टीची दणकट स्प्रिंग त्याला दाबून ठेवते. पट्टी दबली की तो मोकळा. मग त्याला धरून ठेवायचं सगळं काम एफसोबत मिटणाऱ्या एफ शार्पच्या कपावरून आलेल्या दांडीतल्या इवल्याशा स्क्रूवर येतं. माळ लावून बघताना माझी करंगळी मोकळी होती, तर उजेड दिसणार कुठून?

खात्रीसाठी लो डी धरून जी शार्पची की टकटक दाबली. दर टकटकीला सूर फाटला.

टपरीवरून सिगारेटचे कागद आणले (पानवाल्याने 'साहेब, तुम्हीसुद्धा?' अशा नजरेने पाहिलं), पाच मिलिमीटरची कागदी पट्टी कापून जी शार्पच्या पॅडखाली ठेवली. जी शार्पची की दाबून धरली, एफ मिटला, तरी पॅडखालची कागदी पट्टी अलगद निघून आली. स्क्रूखालच्या कॉर्कला खड्डाच पडला होता. तो खरवडून नवा पातळ कॉर्क चिकटवला आणि उत्साहात स्क्रू अर्धा फेरा फिरवला. झालं, आता एफ शार्पचा कपच पुरता मिटेना आणि लो सीही गेला. जवळजवळ पाव फेरा मागे घेतला. आता दोन्ही पॅडांखालचे कागद सारखेच अडतात.

लो बी फ्लॅट पहिल्याच फुंकरीत आला, तोही हळू आवाजात. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

पुढच्या रविवारी त्याच दांडीवरचा दुसरा स्क्रू, बिस बी फ्लॅट नावाच्या छोट्या कीचा. तिथला कॉर्कही तितकाच जुना आहे.