तीनदा जळलेला वाडा आणि त्याचा चौक

"राजवाड्यावर सोडा," मावशीने सांगितलं. "राजबाडा? बैठो माताजी," म्हणत रिक्षावाल्याने रामबागेतून रिक्षा काढली. पन्नास वर्षं इंदुरात राहूनही मावशीचा 'वाडा' काही 'बाडा' झालेला नाही.

चौकात उतरलं की मान आपसूक वर जाते. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. मल्हारराव होळकरांनी १७४७ साली काम काढलं. दरवाज्याच्या लोखंडी खिळ्यांवर मी हात ठेवला; उन्हं कलली होती तरी ते कोमट लागत होते.

हा वाडा तीनदा जळला. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं, जाळलं, तेव्हा पहिल्यांदा. १९०८ मध्ये पुन्हा. आणि १९८४ च्या दंगलीत तिसऱ्यांदा. त्याबद्दल मावशी अजूनही आवाज खाली आणून बोलते. "गच्चीवरून धूर दिसत होता गं. तुझे काका नुसते कठड्याला धरून उभे. घरात कुणी जेवलं नाही त्या दिवशी." पुढचा भाग वाचला, मागचा गेला. उषाराजे होळकरांनी तो पुन्हा उभारून घेतला. २००७ च्या सुमारास काम पुरं झालं. आतल्या चौकात गेले तेव्हा मी आधी मल्हारी मार्तंडाला हात जोडले. जेजुरीचा देव इतक्या लांब, नर्मदेपलीकडे भेटला की गळा दाटतोच.

अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चाले. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदुरात आली आणि वाड्याभोवतीचा परिसर भरत गेला. १८३२ मध्ये होळकर घराण्यातल्या कृष्णाबाईंनी शेजारी गोपाळ मंदिर बांधलं. आता रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, इथूनच जाते, भारताने विश्वचषक जिंकला की सगळं शहर इथेच धावतं. लोकांना आनंद मांडायला हेच अंगण लागतं, म्हणून वाटतं, इथे गाड्यांपेक्षा पायी माणसाला जास्त जागा हवी. मावशीला रस्ता ओलांडायला आम्हाला बराच वेळ थांबावं लागलं.

समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. मावशीने चपला बाजूला काढल्या, पदर सावरला आणि वाकून नमस्कार केला. शेजारी फुगे विकणारा पोरगा तेवढा वेळ पिपाणी वाजवायची थांबला.

चपला घालत ती म्हणाली, "चल, सराफ्यातली सोन्या-चांदीची दुकानं बंद होऊन खाण्याची लागली असतील. भुट्ट्याचा कीस गरम आहे तोवर गाठू."