कुकच्या आधीची नमाज

“मग कॅप्टन कुकच्या आधीच इथे नमाज झाली असेल?”

हिजाबातल्या मुलीचा प्रश्न ऐकून गाइडबाई, स्वतः आदिवासी, खुदकन हसल्या. मेलबर्नच्या म्युझियममध्ये आज मुस्लिम शाळेची सहल आली होती. मी आपली मागे रेंगाळत ऐकत होते.

गाइडबाईंनी नुकतंच सांगितलं होतं: इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाचे मकासर खलाशी, बरेचसे मुसलमान, समुद्रकाकड्यांसाठी (हे खाण्याजोगे समुद्री प्राणी) वाऱ्याच्या हंगामात उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडला यायचे. तिथल्या योल्ङू आदिवासींशी देवघेव चालायची. तिथल्या खडकावर शिडाच्या होडीचं चित्र आहे, १६६४ च्या आधीचं. ब्रिटिश दर्यावर्दी कुक ऑस्ट्रेलियात आला १७७० मध्ये! खलाशांच्या मुक्कामाच्या जागी चिंचेची झाडं अजून उभी आहेत म्हणे.

‘मूळची कुठची?’ हे या पोरांना पावलोपावली विचारलं जातं. मलाही. विचारणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?