मोडीतल्या पोस्टाची बॅसिलिका

शिकागोचे फोटो आधीच टाकलेत, त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरातल्या सेंट जोसाफट बॅसिलिकेबद्दल (बॅसिलिका म्हणजे पोपने खास मान दिलेलं चर्च), आणि तेही तिच्या दाराच्या मुठीमुळे.

शहराच्या दक्षिण भागातल्या साध्यासुध्या घरांमधून गाडी वळली आणि समोर रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीचा घुमट! बांधलाय पोलंडहून आलेल्या कामगारांच्या पॅरिशने, म्हणजे एका चर्चला जोडलेल्या वस्तीने, आणि माल सेकंडहँड. शिकागोचं सरकारी पोस्ट ऑफिस आणि कस्टम हाउस पाया खचल्यामुळे वीस वर्षंही पुरी व्हायच्या आत पाडावं लागलं. इथल्या फादर विल्हेल्म ग्रुट्झांनी तो मोडीचा माल २०,००० डॉलरला घेतला आणि रेल्वेच्या ५०० उघड्या वाघिणींतून इकडे आणला. आर्किटेक्ट एरहार्ड ब्रीलमायरनी विटांच्या चर्चचा आराखडा करून ठेवला होता. आता दगड आधी आले म्हणून त्यांनी सगळं नव्याने आखलं. पाया खणायला पॅरिशमधलेच लोक आले. १९०१ साली चर्च उभं राहिलं.

तर ती मूठ. तिच्यावर अमेरिकेच्या अर्थखात्याची मुद्रा आहे. पोस्टाची दारं, कड्याकोयंड्यांसकट, देवाच्या घराला लावलेली. ग्रॅनाइटचे खांबही तिथलेच. मी मुठीचेच फोटो काढत बसले आणि मागची मंडळी खोळंबली.

खरा राग आला तो कर्जाची गोष्ट कळल्यावर. खर्च अंदाजाबाहेर गेला, लोकांनी स्वतःची घरं गहाण टाकली. घरं तरी कसली? पैसे जमले की अख्खं लाकडी घर वर उचलायचं, खाली अर्धं तळघर बांधायचं आणि तिथे भाडेकरू ठेवायचा. अशा घरांवर हा घुमट! ग्रुट्झा उद्घाटनाच्या वर्षीच वारले. १९१० मध्ये फ्रान्सिस्कन पंथाच्या फादरांनी पॅरिश हाती घेतलं, पण कर्ज फिटायला १९२५ उजाडलं. आतली रंगीत-सोनेरी सजावट त्याच्या नंतरची. बॅसिलिकेचा मान १९२९ चा, अमेरिकेतली तिसरी.

ती सजावट मला जरा जास्तच वाटली. इंचभर भिंत मोकळी नाही. इन्सब्रुकहून आलेल्या रंगीत काचांच्या खिडक्या मात्र सुरेख आहेत. सकाळी जा, आम्ही दुपारी टळटळीत उजेडात पोचलो.

परतताना गाडीत वाद. मेहुणा म्हणाला, "घर गहाण टाकून देऊळ बांधायचं? वेडेपणा आहे ताई." त्याचं स्वतःचं घर तीस वर्षांच्या कर्जावर आहे, हे मी त्याला ऐकवलं. मग त्याने टोलनाक्यापर्यंत रेडिओ लावून ठेवला. तरीही त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. ग्रुट्झांवर मी अजून चिडलेलीच आहे.