कोजागरीच्या चंद्राशेजारचा गुरू

पुण्यात आमच्या सोसायटीचं मंडळ वर्षभर काही ना काही करत असतं, पण माझा जीव अडकलाय तो कोजागरीत. गच्चीवर सतरंज्या पडायच्या, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला मोठ्या पातेल्यात दूध आटायचं, केशर-वेलचीचा वास जिन्यापर्यंत यायचा. घरातल्या थोरल्या मुलाला किंवा मुलीला ओवाळायची आश्विनीची रीतही तिथेच, सगळ्यांदेखत व्हायची. मग गाण्याच्या भेंड्या. आणि भेंड्या रंगात आल्या की कुणीतरी हमखास बोट वर करून म्हणायचं, "चंद्राजवळ ती शुक्राची चांदणी बघा!"

आमच्याकडे भूगोलाचे एक निवृत्त सर होते. ते म्हणायचे, "शुक्र नाही रे बाळा, तो गुरू." कारणही समजावायचे. शुक्र सूर्यापासून आकाशात जास्तीत जास्त 47 अंश लांब जातो, म्हणून तो दिसणार संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला. पौर्णिमेचा चंद्र तर सूर्याच्या बरोबर समोर. त्याच्या शेजारी शुक्र येणारच कसा?

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते 1999च्या ऑक्टोबरात. त्या कोजागरीला गुरू चंद्राला जवळजवळ खेटूनच होता. पौर्णिमेचा उजेड, त्यात रस्त्यावरचे दिवे, त्यामुळे बाकीच्या चांदण्या जवळपास पुसल्याच गेल्या होत्या. गुरू मात्र ठसठशीत, न लुकलुकता. तारे आपल्याला नुसते ठिपके दिसतात, म्हणून हवेच्या हालचालीने त्यांचा प्रकाश थरथरतो. ग्रहाला लहानशी का होईना, तबकडी असते, त्यामुळे तो स्थिर वाटतो. सरांनी कठड्यावर उशी ठेवली, तिच्यावर 10×50ची दुर्बीण टेकवली आणि आम्हाला रांगेत उभं केलं. चंद्र नजरेआड ठेवून पाहिलं की गुरूच्या दोन्ही बाजूंना बारीक टिंबं दिसायची. गॅलिलिओला 1610च्या जानेवारीत दिसले ते हेच उपग्रह. ती टिंबं पाहताना अंगावर काटा आला होता, अजूनही येतो.

सरांनीच सांगितलं होतं की हा योग बारा वर्षांनी पुन्हा येईल. आश्विन पौर्णिमेचा चंद्र अश्विनी नक्षत्राच्या आसपास, म्हणजे मेषेकडे असतो. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला 12 वर्षांना थोडी कमी लागतात, तेव्हा तो त्या भागात बारा वर्षांनीच परततो. नाशिकचा सिंहस्थ (गुरू सिंह राशीत) आणि नरसोबाच्या वाडीचं कन्यागत (गुरू कन्या राशीत) याच हिशेबाने चालतं. आणि पौर्णिमेच्या चंद्राशेजारी असलेला गुरू म्हणजे सूर्याच्या समोरच्या बाजूचा, पृथ्वीला जवळ आलेला, सर्वांत तेजस्वी आणि रात्रभर दिसणारा. शहरात गुरू पाहायला याहून सोपी रात्र मला तरी माहीत नाही.

2011ला तो खरंच आला, पण चंद्रापासून बराच खाली. तेव्हा आमच्या पोरांना हाताची मूठ लांब धरून मोजायला शिकवलं: एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. चंद्रापासून गुरूपर्यंत जवळपास दोन मुठी भरल्या. लोहगावला उतरणाऱ्या विमानांचे दिवेही मध्ये यायचे, पण पाच मिनिटं नजर ठेवली की विमान सरकतं आणि ग्रह जागेवर राहतो, हे पोरं तेव्हाच शिकली.

2023ची कोजागरी 28 ऑक्टोबरला होती आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. दूध कधी प्यायचं यावर मंडळात बरीच चर्चा झाली. वेध पाळणाऱ्यांनी दुपारीच पिऊन घेतलं, बाकीच्यांसाठी नेहमीच्या वेळी पातेलं चढलं. कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत, याचा मला फार आनंद वाटला. मध्यरात्रीनंतर एक वाजून पाच मिनिटांनी चंद्राच्या कडेला सावली लागली. मूठभर अंतरावर गुरू होताच. सर आता नाहीत. त्यांची नात तीच दुर्बीण घेऊन आली होती आणि लहान मुलांना कठड्यापाशी नेऊन ती टिंबं दाखवत होती. शाळेला सुट्टी होती, म्हणून अडीचपर्यंत कुणी खाली गेलं नाही.

2025ला, 6 ऑक्टोबरच्या कोजागरीला, चंद्राजवळ शनी होता. गुरूपेक्षा बराच फिका, पिवळसर. एकाने लहान टेलिस्कोप आणला होता. शनीची कडी त्या वर्षी आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसत होती, त्यामुळे नुसती एक बारीक रेघ ग्रहाच्या आरपार गेलेली. पोरांना पुस्तकातली रुंद कडी हवी होती, ती का दिसत नाही यावर बराच वेळ प्रश्नोत्तरं चालली. गुरू मेषेत परतेल 2035ला. मंडळाच्या वहीत सरांच्या नातीने तशी नोंद करून ठेवली आहे.