अळीपायी

14 नोव्हेंबर

आज दिवसभर कपाशीची हिरवी बोंडं फोडली. बाहेरून बोंड धडधाकट, कुठे भोक नाही. अंड्यातून निघालेली गुलाबी बोंडअळी कोवळ्या बोंडात शिरते आणि बोंड वाढलं की तिची वाट बुजून जाते. त्यामुळे फोडल्याशिवाय कळतच नाही. एकीनं सरकी आतून पोखरून डोकं तेवढं बाहेर काढलं होतं, अंगावर ठसठशीत गुलाबी पट्टे. 20 बोंडांत 2 जिवंत अळ्या सापडल्या की फवारणीचा विचार करायचा. या शेतात त्याहून जास्त निघाल्या.

मला खरं तर कीटकशास्त्र नकोच होतं. बीएस्सी ॲग्रीनंतर पैदासशास्त्र हवं होतं, नवं वाण काढायचं होतं. सीईटीच्या गुणांत ते बसलं नाही. "किडे पाहाले एवढं शिकाव लागते?" इति आई.

2017 मध्ये मी शाळेत होते. बीटी, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेलं कपाशीचं वाण, पेरलंय म्हणजे बोंडअळी येणार नाही, असं सगळं गाव धरून चाललं होतं. त्या हंगामात निम्मी बोंडं नीट उमललीच नाहीत, उमलली त्यांत कवडी, म्हणजे डागी-किडका कापूस. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. इथे कीटकशास्त्राला आल्यावर शिकले, की 2006 मध्ये आलेल्या बोलगार्ड-2 या बीटी कपाशीतल्या दोन्ही जनुकांना ही अळी पुरून उरली. पैदासशास्त्राची हळहळ तिथेच संपली. जी अळी वाणाला हरवते, ती जगते कशी हे मला जास्त ओढून घ्यायला लागलं.

थंडीत ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत पडून राहते. तिची साखळी तोडायची तर डिसेंबरअखेर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायची; फरदड, म्हणजे पाणी देऊन त्याच झाडांवर पुढे आणखी कापूस, घ्यायची नाही. बाबांच्या विहिरीला मात्र पाणी आहे. फोनवर म्हणाले, "तुया अळीपायी मी हातचे पैसे सोडू का?" त्यांचं गणित खोटं नाही. शिवाय एकट्यानं उपटून भागत नाही, शेजारच्या फरदडीतले पतंग उडत येतातच. हे आमच्या शिफारशींत एका ओळीत उरकलेलं असतं.

पुढच्या वेळी गावी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधानं पतंगांना ओढणारे सापळे, नेणार आहे. त्यात फक्त नर अडकतात, बिचारे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर मला फोन करायचा असं ठरलंय. मोजायला बाबा तयार आहेत. उपटायला नाहीत.